टेसाच्या जागेचं काय झालं

टेसा प्रेबिचच्या जिभेला हाड नव्हतं. असायचं कुठून? तिची आई डार्लीन आइस हॉकीच्या रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवते आणि त्या उंच सीटवरून अख्ख्या गावाची टिंगल करते. खाण तशी माती! पण पोरगी गोलमध्ये उभी राहिली की हॉकीच्या चकतीची आत शिरायची टाप नव्हती. मिनेसोटातल्या आमच्या या खाणीच्या गावातून पूर्वेकडच्या त्या नामांकित विद्यापीठात आजवर कुणी गेलं नव्हतं. टेसा जाणार होती.

घोडं अडत होतं ते गणितात. प्रवेशपरीक्षा तिनं तीनदा दिली, तिन्ही वेळा तेच. तरी जुलैत तिथल्या कोचबाईंचा फोन आला, "टेसा, तुझी गुणपत्रिका प्रवेशवाल्यांना दाखवली. जमेल असं दिसतंय." डार्लीननं त्याच दिवशी अक्रोडाची पोतीत्सा, म्हणजे सारण भरलेला गोड पाव, भाजून गल्लीभर वाटली. टेसानं त्या भरवशावर दुसऱ्या दोन कॉलेजांना नाही म्हणून कळवून टाकलं.

ऑगस्टात विद्यापीठाचं शिबिर होतं. तिथे कनेटिकटची ब्रिन आल्डरसन भेटली, तीही गोलकीपर. सरावात तिनं सहापैकी पाच चकत्या आत सोडल्या. कपडे बदलायच्या खोलीत टेसा सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, गोलकीपर आहेस की चाळणी? तुला इथे बोलावलं तरी कुणी?" मुली खो-खो हसल्या. ब्रिनही हसली, पण तिचे कान लालबुंद झाले होते.

ऑक्टोबरात कोचबाईंचा पुन्हा फोन.

"टेसा, कसं सांगू... इथे आम्ही संघासाठी घेतो त्या सगळ्या मुलींच्या गुणांची मिळून सरासरी बघतात. तुझे कमी पडतात. ते भरून काढायला मी ब्रिनला घेत होते. खेळात यथातथाच, पण मार्क बघशील तर तोंडात बोट घालशील. ती दुसरीकडे चालली. इथल्या मुलींशी आपलं जमणार नाही म्हणाली. आता तुझी जागा मला राखता येत नाही."

"दुसरी कुणी तशी...?"

"नाही मिळाली गं."

डार्लीननं ब्रिनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "कोण कुठली ती! माझ्या लेकीच्या अन्नात माती कालवली मेलीनं!" टेसा खाली मान घालून ऐकत राहिली. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. रात्री तिनं ब्रिनला चार ओळी लिहिल्या, माफ कर म्हणून. स्वतःची जागा गेल्याचं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती माफी कसली, भीकच झाली असती.

दुसऱ्या दिवशी जेवताना उत्तर आलं. टेसाचा फोन डार्लीननंच हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"टेसा, खरं सांगते, त्या दिवशी मी खूप रडले. पण तू आपणहून लिहिलंस, बरं वाटलं. तुझ्यासारखं खेळणं मला कधी जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथला तुझा पहिला सामना कधी ते नक्की कळव. आमच्या घरापासून लांब नाही, मी बघायला येईन."

डार्लीननं फोन टेबलावर ठेवला. "काय केलं होतंस गं तू तिला?"

टेसानं सगळं सांगितलं. डार्लीननं ताट बाजूला सारलं.

"आई," टेसा म्हणाली, "तिला काय कळवू?"