लेण्यांपुरती फ्रेंच

वेरूळच्या लेण्यांत फ्रेंच पर्यटकांना फिरवत मी बावीस वर्षं काढली, पण फ्रान्स कधी पाहिलं नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी दर दिवाळीच्या सुमाराला तिकडून एका बाईंचं पत्र यायचं. बाई निवृत्त शिक्षिका. तीनदा वेरूळला आलेल्या आणि तिन्ही वेळा माझ्याबरोबरच फिरलेल्या. पत्राच्या शेवटी ठरलेलं वाक्य असायचं, की आता तुम्ही या. मुलीचं लग्न पार पडलं आणि गेल्या सप्टेंबरात मी आणि बायको खरंच गेलो.

बाईंचं गाव एवढंसं. एक चौक, एक बेकरी, आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा दगडी मठ आणि मठाच्या मागं लगेच जंगल. बायको पिशोर गावची. चौकात उभं राहून तिनं चारी बाजूला नजर फिरवली आणि म्हणाली, "आमचा आठवडी बाजार याच्यापेक्षा मोठा भरतो." मग तिला जे हसू सुटलं ते चार दिवस थांबलंच नाही.

पहिल्या सकाळी बाईंनी आम्हाला पाव आणायला पाठवलं. मी ऐटीत निघालो. फ्रेंच तर माझी रोजीरोटी. बेकरीवालीनं भरभर काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो. तिनं परत विचारलं, मी परत हो म्हणालो. बाहेर आलो तेव्हा माझ्या काखेत उसाच्या कांड्यांएवढे पाच पाव होते. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बावीस वर्षं प्रश्न पर्यटकांनी विचारले होते आणि उत्तरं मी दिली होती. स्वतः कधी काही मागितलंच नव्हतं. माझी फ्रेंच लेण्यांपुरतीच होती.

दुपारी बाईंबरोबर मठात गेलो आणि चित्र पालटलं. तिथली तरुण गाईड दहा-बारा जणांना फिरवत होती. खांब, कमान, छिन्नी, ध्यानाची खोली, असा तिचा शब्द न् शब्द मला कळत होता. मी बायकोला हळू आवाजात मराठीतून सांगत चाललो. एका अंधाऱ्या दारापाशी गाईड मागं राहिली. माझ्या तोंडून सवयीनं फ्रेंचमध्ये निघून गेलं, "जपून, इथं पायरी आहे. डोकं सांभाळा." सगळ्यांनी निमूट डोकी वाकवली आणि माझ्या मागोमाग आत आले. मीही पुढं चालत राहिलो. ती गाईड येऊन पोचेपर्यंत मी त्यांना दगड कसा फोडतात ते सांगायला लागलो होतो. ती शेवटपर्यंत हाताची घडी घालून ऐकत उभी राहिली आणि लोकांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या. बायको खांबाआड पदर तोंडात कोंबून बसली होती. आमच्या बाईंचेही डोळे हसून हसून ओले झाले होते.

बाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून जंगलात आम्हाला दोघांनाच पाठवलं. झाडांवर पिवळे पट्टे रंगवलेत, ते बघत गेलात की तासाभरात परत याल, असं त्यांनी समजावलं. बायकोनं साडीवर स्वेटर चढवला, खाली मुलीचे बूट. वाटेत काटेरी झुडपांवर बोरांसारखी काळी फळं लागली. ती खात खात, गाईडच्या चेहऱ्याची नक्कल करत आम्ही इतके हसलो, की पिवळे पट्टे कधी संपले ते कळलंच नाही. फोनला रेंज नव्हती. एक हरीण आमच्याकडं बघून शांतपणे निघून गेलं.

"हरवलो व्हय आपण?" बायकोनं विचारलं. मी मान डोलावली. ती एका ओंडक्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मलाही राहवलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण असं दोघंच कुठं हरवलो नव्हतो.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन आले. मी पुढं झालो, पण 'आम्ही वाट चुकलो' हे फ्रेंचमध्ये काही केल्या आठवेना. लेण्यांत पर्यटक मला नेहमी विचारायचे तो एकच प्रश्न जवळ होता, तोच मी विचारला, "साधू कुठं राहत होते?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग बायकोची साडी पाहिली, तिचे बूट पाहिले. काठी टेकून त्यांनी मठाचा इतिहास सुरू केला. राजे, आगी, लढाया, सगळं मला समजलं आणि मी माना डोलावल्या. शेवटी त्यांनी काठीनं झाडी बाजूला करून दाखवली. मठाची मागची भिंत जेमतेम दोनशे पावलांवर होती. ते आम्हाला तिथवर सोडायला आले आणि निघताना त्यांनी बायकोला कमरेत वाकून नमस्कार केला. तिनंही पदर सावरून हात जोडले.

भिंतीजवळच्या बाकावर बसून तिनं पिशोरला बहिणीला फोन लावला. लई मजा आली, जंगलात हरवलो होतो, असं सांगितलं. बहिणीनं एवढंच विचारलं, की मग जेवलात का?

"पाव हायेत गं," बायको म्हणाली, "लई हायेत."