दुसरं कडवं

शर्टांच्या कारखान्यात सगळ्याजणी त्यांना कॉलरवाल्या काकू म्हणत. बावीस वर्षं एकच काम. कॉलर शिवायची, उलटवायची, वाफेच्या प्रेसखाली दाबायची. भिंतीवरच्या स्पीकरवर जुनी गाणी लागत आणि काकूंचे हात त्यांच्याबरोबर चालत. एका गाण्यात एक कॉलर, कमी नाही, जास्त नाही.

नवा मॅनेजर आला आणि त्यानं शब्दच काढून टाकले. शब्द असले की बायका गातात, गायला लागल्या की गप्पा मारतात, असं त्याचं म्हणणं. मग तीच गाणी नुसत्या बासरीवर वाजू लागली. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत स्पीकर बंद असे. हा तेव्हाही चालूच ठेवी.

"नवरा घरात आहे, पण तोंड उघडत नाही, तसलं झालं हे," डबा उघडत बटणवाली म्हणाली.

"माझा तसाच बरा होता," काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

मग बासरीवर शब्द घालायचा खेळ सुरू झाला. काकूंनी ध्रुवपद म्हटलं, पहिलं कडवं घडाघडा म्हटलं आणि दुसऱ्याला तोंड उघडं तसंच राहिलं. बटणवाली पुढं गात राहिली. पुढच्या गाण्याला तेच. त्याच्या पुढच्यालाही.

काकूंनी अर्धा डबा तसाच बंद केला. त्यांची आई अशीच हरवत गेली होती. आधी गाण्यांचे शब्द, मग भांड्यांची नावं, शेवटी काकूंचं नाव. दुपारी त्यांनी कॉलरची उलटवायला उघडी सोडायची बाजूच शिवून टाकली. नवशिकीसुद्धा असं करत नाही. त्यांनी ती उसवली, कुणाला कळू दिलं नाही.

घरी आल्यावर त्या भांड्यांच्या फळीसमोर उभ्या राहून पुटपुटायला लागल्या. पातेलं. झारा. चाळणी.

"आई, कुणाशी बोलताय?" सुनेनं विचारलं.

"कुणाशी नाही."

"चाळणीशी बोलताय. माझ्याशी बोला."

तेव्हा काकूंनी खाली बसून सांगून टाकलं. सुनेनं कुकर गॅसवर चढवला, फोनवर मूळ गाणं लावलं. पहिलं कडवं काकू बरोबरीनं म्हणाल्या. दुसरं आलं आणि त्या परक्या घरात शिरल्यासारख्या बघत राहिल्या.

"एक शब्द ओळखीचा नाही गं."

सुनेचा चेहरा उतरला. तिनं कडवं मागं नेऊन पुन्हा लावलं, आणि तेवढ्यात कुकर फुसफुसला, शिट्टी झाली. गाणं वाफेत बुडालं. काकूंचा उजवा हात आपोआप पुढं गेला आणि नसलेला दांडा त्यानं खाली दाबला.

काकू त्या हाताकडे बघत राहिल्या.

"इथं माझी प्रेस असते," त्या म्हणाल्या. "पहिल्या कडव्याला शिवते, मधल्या वाजवण्यात उलटवते, दुसऱ्याला दाबते. वाफेत काही ऐकूच येत नाही."

"म्हणजे विसरला नाहीत?"

"अगं, विसरायला आधी ऐकायला नको?"

सून हसत सुटली. काकूही हसल्या, पण अर्ध्यावरच थांबल्या. उठून त्यांनी गॅस बंद केला.

"पुन्हा लाव. दुसरंच."

त्यांनी ते ऐकलं. मग पुढच्या गाण्याचं, मग त्याच्या पुढच्याचं.

"जेवायला वाढू?"

"थांब. अजून किती आहेत!"

दर वेळी दुसरं कडवं आलं की उजवा हात उठे. शेवटी त्यांनी तो डाव्या हातानं मांडीवर धरून ठेवला.