मायनं टीव्हीवर वाकळ शोधली

टीव्हीच्या मागं खोचायची, इंटरनेटवरच्या मालिका दाखवणारी ती बोटाएवढी काडी मी आण्णांसाठी घेतली होती. आण्णा म्हणजे माझे वडील. वसमतच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपाशी त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. तिथल्या आवाजात माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलत. काम सुटलं तोवर आण्णांचे दोन्ही कान गेले होते. कानात घालायचं यंत्र आम्ही आणून दिलं, पण ते शिट्टी मारतं म्हणून डबीतच राहिलं.

मी सेनगावकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की बस धरून गावी जाते. त्या वर्षी गेले की एक गोष्ट डोळ्यांत खुपायची. माय आत टीव्ही बघत असायची आणि आण्णा बाहेर ओट्यावर, टीव्हीकडं पाठ करून बसलेले असायचे. आधी दोघं सोबत बघत. आवाज एवढा मोठा ठेवावा लागे की मायचं डोकं उठे. मग आवाज बारीक करून मायच त्यांना सांगू लागली. कोण रागावलं, कोण रडलं, कुणाचं लग्न मोडलं, ते सगळं हातांनी. तिला त्यात गोडी होती, पण आण्णांना ती तकलीफ वाटली असावी. एक दिवस ते उठून बाहेर गेले आणि मग बाहेरच बसू लागले.

गावात तारेचं इंटरनेट आलं तसं मी घरी जोडून घेतलं आणि पुढच्या शनिवारी ही काडी घेऊन गेले. आण्णांना हाताला धरून आत आणलं, चष्मा लावायला लावला. एका फौजदार बाईची मालिका होती. ती लावली आणि खाली मराठी अक्षरं यावीत अशी सोय केली. आण्णा सातवीपर्यंत शिकलेले. पहिली काही मिनिटं ते नुसते वाचत होते, ओठ हलवत. फौजदारीण एका गुंडाला काहीतरी टोमणा मारते, तिथं ते मोठ्यानं हसले. इतक्या महिन्यांनी त्यांचं ते हसणं ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

परत आले तर मायचा चेहरा उतरलेला. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल. पण घडत होतं वेगळंच. खालची अक्षरं बोलण्याच्या किंचित आधी येत. नट तोंड उघडतो न उघडतो तोच आण्णांना कळलेलं असे. ते आधी हसत, आधी हळहळत. माय दर वेळी त्यांच्याकडं वळून बघे. शेवटी तिनं खुणेनं विचारलं, तुम्हाला आधीच कसं कळून राहिलं? आण्णा म्हणाले, खाली लिहून येतंय की. मायनं तोंड परत टीव्हीकडं वळवलं. इतकी वर्षं जी त्यांना सांगत आली, तिलाच आता सगळ्यात शेवटी कळत होतं.

मायला वाचता येत नव्हतं. लहानपणी दोन दिवस शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी घरच्या म्हशीमागं कोण जाणार म्हणून तिला घरी ठेवलं, ते कायमचंच. मी शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत होते तेव्हा मोठ्या हौसेनं पाटी घेऊन तिच्यापुढं बसले होते. चार दिवस बसली. पाचव्या दिवशी म्हणाली, ठेव ती पाटी, माझ्या हातात विळाच बरा. पुढं नोकरी लागल्यावर मी पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा तिनं सरळ सांगितलं की माझ्या मागं लागू नको. मी किती लेकरांना वाचायला लावलं असेल, पण जिनं मला शाळेत धाडलं तिच्यापुढं माझं काही चाललं नाही, हे मला आत कुठंतरी सलत असे. शाळेत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

रिमोट मात्र तिनं दोन दिवसांत हातात घेतला. आण्णांची बोटं जाड आणि ताठर झालेली, त्यांच्याकडून दोनदोन बटणं एकदम दाबली जात. म्हणून लावणं-बंद करणं मायकडं. तिनं सगळं वळणांनी पाठ केलं होतं. लावलं की दोन घरं उजवीकडं, एक खाली, मधलं बटण. वीज जाऊन आली की चार चित्रं येतात, त्यातलं पहिलं. रांगोळीचे ठिपके मोजावेत तशी ती मोजत जायची आणि बराबर पोहोचायची.

दिवाळीनंतर एकदा त्या काडीनं आपली मांडणीच बदलली. चित्रं इकडची तिकडं गेली. मायचा फोन आला, शाळेच्या मधल्या सुट्टीत. ती फार चिडलेली होती. घर तेच हाय पण भिंती सरकल्यात, म्हणाली. मी फोनवरून सांगू लागले की वरच्या ओळीत 'शोधा' लिहिलंय बघ. म्हटलं आणि जीभ चावली. मग ती म्हणाली, बघते मी, आणि फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी गेले तर मालिका सुरू होती. सापडली कशी, असं मी विचारलं नाही. आण्णांनी शोधली असेल असं धरून चालले.

हळद काढायच्या दिवसांतली गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. माय खाली बसून वाकळ शिवत होती, जुन्या लुगड्यांची. आण्णा खाटेवर, मी दाराशी वह्या तपासत बसलेले. टीव्हीवर फौजदारीण कुणाला तरी बजावत होती की उद्या ठाण्यात हजर व्हा. माय दोऱ्याला गाठ मारता मारता म्हणाली, "ती उद्या म्हणली अन् खाली आज लिवलंय."

मी वर पाहिलं तोवर अक्षरं गेली होती. रिमोट घेऊन मागं आणलं. खरंच, बाई 'उद्या' म्हणत होती आणि खाली 'आज' आलेलं. आण्णांना फक्त अक्षरं दिसत होती, त्यांना चूक कळणं शक्य नव्हतं. मी वह्यांत होते. ही चूक फक्त अशाच माणसाला सापडली असती, ज्याला ऐकूही येतं आणि वाचताही येतं.

मी तिच्याकडं बघत राहिले तशी ती लाजली आणि वाकळ अंगावर ओढून घेतली. हळूहळू तिनं सांगितलं. पहिल्यांदा तिनं एक शब्द धरला होता, 'साहेब'. त्या मालिकेत दर वाक्याला कुणीतरी साहेब म्हणतं आणि दर वेळी खाली तेच चित्र येतं. मग 'न्हाई', तेही सारखं. त्यातला 'ह' साहेबातही होता, हे तिच्या ध्यानात आलं. टीव्हीवर 'नाही' लिहितात, 'न्हाई' नाही, यावर तिचं दोन दिवस अडलं होतं. तिला वाटलं लिहिणाऱ्याचंच चुकलं. असं एकेक करत दिवाळीपासून होळीपर्यंत ती अक्षरं वेचत गेली होती. आण्णांनाही पत्ता नव्हता.

मी विचारलं, मी पाटी घेऊन बसले तेव्हा का नाही म्हणालीस? ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर बोलली.

"तू माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस. मला येत न्हाई ते कुणी बघत बसलं की माझं डोस्कंच चालत न्हाई. टीव्हीपुढं समदे टीव्हीकडं बघत्यात. माझ्याकडं कोण बघतंय?"

मी इतकी वर्षं शिकवते आहे. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ती उघडपणे वाचू लागली. सावकाश, एकेक अक्षर लावत. जोडाक्षर आलं की थांबायची आणि तोवर वाक्य निघून जायचं. मग रिमोटनं थांबवायची. आण्णा कुरकुरत, पण थांबत. छापील वाचता येई, हातानं लिहिलेलं नाही. पेन धरायला ती अजूनही तयार नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठ दिवस राहायला गेले होते तेव्हा रिमोटवरच्या माईकचा प्रकार झाला. मायला वेगळ्या गावच्या बायका वाकळ कशी शिवतात ते बघायचं होतं. मी सांगितलं, हे बटण दाबून बोल, ते आपोआप शोधतं. तिनं रिमोट तोंडाशी धरला आणि म्हणाली, वाकळ. त्यानं ते इंग्रजी 'वॉक' असं ऐकलं आणि टीव्हीवर चालण्याचे व्यायाम आले. बूट घातलेल्या गोऱ्या बायका जागच्या जागी पाय आपटत होत्या. तिनं पुन्हा, जरा जोरात म्हटलं. पुन्हा त्याच बायका. तिसऱ्यांदा तिनं अगदी माझ्यासारखं, शाळेतल्यासारखं म्हणून बघितलं. तेव्हा कुठलंसं हिंदी गाणं लागलं. आण्णांनी विचारलं काय म्हणते ती, आणि मी हातांनी सांगितल्यावर ते हसले.

मला वाटलं आता ती रिमोट टाकून देईल. गोधडी म्हणून बघ, कळेल त्याला, असं मी सुचवलं. तिनं मान हलवली.

"आमच्यात वाकळ म्हणत्यात. त्याला येत न्हाई तर मी काहून बदलू?"

आणि ती शोधायच्या पाटीवर गेली. पडद्यावर डाव्या बाजूला अक्षरांच्या रांगा आल्या. बाणाच्या बटणानं एकेक घर पुढं सरकायचं आणि हवं ते अक्षर आलं की मधलं बटण. ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. 'व' सापडला. काना शोधायला वेळ लागला, कारण तो तिथं एकटाच होता, अक्षराशिवाय, आणि असा एकटा काना तिनं कधी पाहिला नव्हता. मग 'क'. 'ळ' काही दिसेना. ती रांगेमागून रांग बोट लावून बघत गेली. पुटपुटत होती, वेळ, काळ, सगळ्यात असतो, मग इथं कुठं गेला.

मला तो दिसला होता, अगदी खालच्या रांगेत. माझा हात आपोआप पुढं गेला, रिमोट घ्यायला. आण्णांनी खाटेवरून माझं मनगट धरलं. त्यांनी नुसतीच मान हलवली. मी हात मागं घेतला आणि, मला आठवलं म्हणून, तिच्याकडं बघणंही सोडून खिडकीबाहेर बघू लागले.

बऱ्याच वेळानं बटणाचा तो बारीक टक्क आवाज आला. मी वळले. पडद्यावर लिहिलेलं होतं, वाकळ. खाली वाकळाच वाकळा. तांबड्या, निळ्या, ठिगळांच्या, चौकटीच्या, उन्हात वाळत टाकलेल्या. माय मागं सरकत आली आणि खाटेच्या कडेवर बसली. एकही लावली नाही. नुसती त्या शब्दाकडं बघत होती. आण्णांनी तो शब्द मोठ्यानं वाचला, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, बाहेर रस्त्यापर्यंत जाईल असा.

मग आम्ही चार-पाच वाकळा बघितल्या. एका बाईनं कोपऱ्याला नीट दुमड घातली नव्हती, ते मायला पसंत पडलं नाही. दुसरीची किनार आवडली, तेवढीच तिनं तीनदा मागं नेऊन बघितली.

दुसऱ्या दिवसापासून घरात बायका येऊ लागल्या. पलीकडच्या तांड्यावरची तिची मैत्रीण आली, तिला आरशांचं भरतकाम बघायचं होतं. मायनं 'आरसा' टाईप केलं आणि तिला पाणी दिलं. जसं काही हे ती जन्मापासून करत आली आहे.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. एका दुपारी मायचा फोन आला. म्हैस व्यायली, रेडी झाली. शेजारच्या घराचं छत घातलं. हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणाली की गावातले गुरुजी आले होते, घरोघर लिहून घेत होते, वाचता न येणारं मोठं माणूस घरात कोण हाय म्हणून. ही मोजणी मीही माझ्या शाळेच्या गावात करते. दर वेळी आमच्या घराच्या रकान्यात मायचं नाव जात असे. कान चांगले होते तोवर आण्णाच सांगत.

मी विचारलं, मग?

आण्णांना गुरुजी काय विचारतात ते ऐकू आलं नव्हतं. त्यामुळं तीच बोलली. आमच्या घरात कोणी न्हाई, असं सांगितलं. गुरुजी जुना कागद बघून म्हणाले, आई, मागच्या वेळी तर तुमचं नाव होतं. तेव्हा तिनं त्यांच्या हातातला कागद आपल्याकडं वळवून घेतला आणि वरचं ठळक अक्षर लावत वाचलं. 'सर्वेक्षण'. 'सर्व' तिला येत होतं. 'क्ष' तिला फौजदारिणीच्या मालिकेतून माहीत होता, साक्षीदारातला. खाली गुरुजींनी पेननं लिहिलेलं होतं, ते तिनं वाचलं नाही. तसं त्यांना सांगूनही टाकलं, हातानं लिवलेलं मला येत न्हाई, छापील येतं. गुरुजींनी थोडा विचार केला आणि तिच्या नावावर रेघ मारली.

"चहा पिऊन गेले," ती म्हणाली. "तू काहून गप झालीस?"

काही नाही, म्हटलं मी. फोन ठेवला. ऑफिसात बाकीचे शिक्षक आमच्याच मोजणीचे कागद पसरून बसले होते. मी आत गेले आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांना माझ्या मायबद्दल सगळं सांगितलं, पाटीपासून.