गुराबेच्या डोलकाठ्या

ग्वाल्हेरच्या नोकरीतली बरीच प्रकरणे विसरलो, पण गुराबेचे प्रकरण अजून लख्ख आठवते.

संस्थान नुकतेच विलीन झाले होते. मी शहराच्या कंपू भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. संस्थानच्या एका लहानशा संग्रहालयात जुन्या मराठी जहाजांचे लाकडी नमुने होते. ते किनाऱ्यावरच्या नव्या नौका-संग्रहालयाला द्यायचे ठरले. बांधाबांध चालू असताना त्यातला सर्वांत मोठा नमुना, गुराब नावाचे लढाऊ गलबत, नाहीसा झाला.

तक्रारअर्ज घेऊन संग्रहालयाचे व्यवस्थापक आले. दक्षिणेतून आलेल्या दरबारी घराण्यातले गृहस्थ. "किल्ली चौकीदाराकडे असते, साहेब. नमुना गेला तर नव्या सरकारी खात्यात मला कोण घेईल?"

कुलूप शाबूत होते. म्हाताऱ्या चौकीदाराला चौकशीसाठी ठाण्यात बसवले.

"ताला तुमने खोला?"

"हाँ, साहब."

"किसके लिए?"

त्याने मान खाली घातली. दमात घेतले, चहा पाजला, उपयोग झाला नाही. चोर आधी कुलपाला दोष देतो. याने कुलूप उघडल्याचे सरळ कबूल केले होते. ते मला खटकले.

गुन्हा नोंदवण्याआधी आसपास विचारपूस केली, तेव्हा एका टांगेवाल्याने खबर दिली. "एक बाईजी रजाई में लपेटकर कुछ लंबा-सा ले गईं, साहब. दाना ओली तक कहती रहीं, भैया, धीरे."

दाना ओली या गल्लीतले जे घर त्याने दाखवले, ते व्यवस्थापकांच्या मेहुण्याचे निघाले. गुराब पलंगावर, उशांच्या आधाराने उभी होती. "आमच्या वडिलांनी घडवलेली आहे. ताई ठेवून गेली," तो म्हणाला. मी ताईंना तिथेच बोलावून घेतले.

व्यवस्थापकांच्या पत्नी शांतपणे बोलल्या. "पेटी उंचीला कमी पडली म्हणून डोलकाठ्या कापायचं ठरलं होतं. हे जेवताना म्हणाले, तिकडे चिकटवून घेतील. आमचे पूर्वज कोकणात जहाजं बांधायचे. बाबांनी ती इथे लाकडात जपली. मी ह्यांना खूप विनवलं, ऐकेनात. मग चौकीदारकाकांना दार उघडायला लावलं."

"ते ठाण्यात आहेत, माहीत आहे?"

त्यांचा चेहरा उतरला. "मी विचारलं तर हे म्हणाले, काका गावी गेलेत." त्यांनी लगेच चपला घातल्या.

ठाण्यात त्यांना पाहून चौकीदार उठून उभा राहिला. "बाईजी, आप क्यों आ गईं?"

"मुझे तो किसीने बताया ही नहीं, काका," म्हणत त्यांनी हात जोडले.

व्यवस्थापकांना निरोप पाठवला. ते आले आणि त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग बायकोला एवढेच विचारले, "मोडली तर नाही ना कुठे?" त्यांनी नकारार्थी मान हलवली, तसे ते बाकावर टेकले. "मोठी पेटी मागायला हवी होती. वरून घाई होती, मी घाबरलो." चौकीदाराची माफी त्यांनी आमच्या सर्वांसमोर मागितली.

जबाब घेऊन अर्ज निकाली काढला. कुणावरही खटला झाला नाही. सुताराने उंच पेटी केली आणि गुराब उभ्या डोलकाठ्यांसह किनाऱ्याला पोहोचली. चौकीदारही नव्या खात्यात कायम झाला. ते कळले त्या दिवशी मी घरी पोटभर जेवलो.

पुढच्या नोकरीत अनेक गप्प माणसे माझ्यासमोर बसली. त्यांना "काय केलंस?" असे विचारण्याआधी मी विचारत असे, "कुणाला सांभाळतोयस?" पुष्कळदा त्या प्रश्नावर माणूस पहिल्यांदा माझ्याकडे बघे, आणि मग बोलू लागे.