पाठीवरचं संत्रं

पांढुर्ण्यातील समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकात आमच्या बाबांचं घोरणं ही आमची खाजगी बाब नव्हती. ती अख्ख्या गल्लीची मालमत्ता होती. शेजारचे काका सांगत, मालगाडी गेलेली कळत नाही, पण बाबा थांबले की लगेच कळतं.

आणि बाबा थांबायचे, हीच तर गोष्ट आहे. छान ताल धरलेला असायचा आणि मध्येच सगळं गप्प. मग आईची कोपरखळी. मग बुडणारा माणूस वर यावा तसा एक मोठा श्वास, आणि घोरणं पुन्हा सुरू. आमच्या घरात आवाजानं कोणाची झोप मोडत नसे, शांततेनं मोडायची. "घोरून राहिले ना तुमचे बाबा? मग झोपा निवांत," आई म्हणायची. स्वतः मात्र त्यांच्या छातीवर हात ठेवून अर्धवट झोपायची.

बाबा नगरपालिकेत होते. दिवसा खुर्चीतच पेंगत. साहेबांनी पकडलं तर म्हणत, "डोळे मिटून ऐकून राहिलो साहेब, नीट समजते."

शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत यांचा श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि हृदयावर ताण पडतो. परदेशात यासाठी मशीन निघाली आहे म्हणे, पण इथं कुठली? वजन उतरवा आणि यांना उताणं झोपू देऊ नका. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवा. उताणे झाले की टोचेल.

घरात चेंडू नव्हता, आणि मोसम संत्र्यांचा होता! आईनं खिसा शिवला आणि टोपलीतलं एक संत्रं त्यात घातलं. बाबा उताणे झाले आणि ओले होऊन उठले. "अवं, सरबतात झोपवून राहिली का मले?" दुसऱ्या दिवशी रबरी चेंडू आला, पण त्याचं नाव संत्रंच राहिलं. "संत्रं घातलं का?" आई रोज विचारायची, जेवलात का विचारावं तसं.

मामाच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही सौसरला गेलो. संत्र्याची बनियन पिशवीत होती, रात्रीसाठी. दुपारी आग्रहाचं जेवण झालं आणि बाबांचे डोळे मिटू लागले. सौसर म्हणजे आईचं माहेर, आणि तिथला जावयाचा मान काय सांगू! मामानं आतली खोली रिकामी केली, नवी गादी घातली, पंखा लावला, पोरांना अंगणात पिटाळलं. बाबा घोरू लागले तसे पाहुणे हसू लागले. आमच्या जावयाला हसतात? मामानं हळूच दार लावून घेतलं.

आई तेव्हा बायकांच्या पंगतीत जेवत होती, कान खोलीकडे. जरा वेळानं ती ताटावरून उठू लागली.

"आवाज येऊन नाही राहिला."

"दार लावलं बाई मी," मामा म्हणाला. "जेव तू. घरी तं रोज कोपरानं ढोसतेच त्याइले. माझ्या घरी तरी झोपू दे माणसाला!"

सगळ्या बायका हसल्या. आईही हसली, बसली, आणि तिनं ताटातली बुंदी संपवली.

चहा घेऊन मामीनं दार उघडलं. बाबा नव्या गादीवर उताणे होते. डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला, आमच्या पुढच्या खोलीत, बाबांना चटईवर ठेवलं होतं. पांढरी चादर, उशाशी मेणबत्ती. गल्ली दारापर्यंत भरली होती. मामा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. आई रडली नव्हती. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा तिनं सवयीनं बाबांच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच होता. मग वंदनेच्या मध्येच ती एवढ्यानं ओरडली, की म्हणणारे थांबले.

"अरे, काहून उताणं झोपवलं यांना? कुशीवर करा!"