उसन्या लेकराचं वजन

काटा दाराच्या चौकटीला लटकवून झाला, खालची झोळी हालायली, सर म्हणायलेत, "आणा ताई लेकरू," अन् ज्या लेकराला त्या झोळीत बसवायचं ते शेजारच्या सुरेखाचं पोरगं तिच्यासंगं सकाळच्याच एसटीनं पालमला मामाकडं गेलेलं! माझी आरू आत गोधडीत. चार दिवसांमागं ह्याच सरानं ह्याच झोळीत माझी आरू म्हणून सुरेखाच्या गोट्याला तोललं होतं. आरूचा फ्राक मीच त्याच्या अंगात कोंबला होता, पाठीमागची गुंडी बी लागत नव्हती. अन् आता परत दारात! कामून? गावातली बाकीची घरं सपली का?

ह्या चिठ्ठीवाल्या सराइतका हेकट माणूस आख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा जन्मला न्हाई अन् जन्मू बी नये, हे मी आधीच सांगून ठेवते. लेकरांच्या तब्येतीची पाहणी करायला आमच्या गावात आले, पोखर्णीकडून आत आलं की आमचं गाव. आमच्याच गल्लीत खोली घेतली. आता पाहणी म्हंजी काय, बसा चावडीपाशी, येतील तेवढी लेकरं तोला अन् जा. पण न्हाई! पहिले तीन दिवस नुसते खडू घेऊन फिरले. दिसंल त्या दाराला नंबर. ऊसतोडीला गेलेल्यांची कुलपं लागलेली घरं, त्यास्नी बी नंबर. मग सगळ्या नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या, माझ्या सासूचा पिठाचा रिकामा डबा मागून त्यात घातल्या. त्यातली एक चिठ्ठी जरा वाकडी घडी घातलेली निघाली तर सगळ्या उकलून परत घड्या घातल्या! म्हणे, वाकडी असली की बोटाला ती आधी सापडते. माझी सासू म्हणाली, "माझ्या लग्नात माझ्या बापानं एवढी फिकीर केली न्हवती."

अन् चिठ्ठीत जे घर आलं तेच. सरपंच म्हणाले, "सर, आमच्या नातवाला बी तोला की, चहा बी घ्या." तर हे दारातूनच हात जोडून, "तुमचा नंबर नाही आला." अहो, चहाला कशाला लागतोय नंबर? एक घर कुलपाचं आलं, तर तीन दिवस त्याच्या पायरीवर जेवणाचा डबा उघडून बसले. बाजूच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "सायब, माझं घर उघडं हाय की." तर म्हणाले, "बाबा, उघडं घर सोपं असतं, म्हणून तर ते नको. घरी असणाऱ्यांचीच लेकरं मोजली तर गेलेल्यांची कोण मोजणार?" चौथ्या दिवशी माणसं आली एक रात्र राहायला, तवा गडी उठला. बाजारात वांगी घ्यायला बी तसंच. वरची नको, ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातली काढणार. माळीण वरडली, "बघून मांडलीत वरची, ती घ्या की!" हे म्हणाले, "बघून मांडलीत म्हणूनच नको." माळीण काय ऐकती व्हय? "बायको बी अशीच ढिगाखालून काढली का, सायब?" तर हा माणूस मान खाली घालून म्हणतो, "अजून काढली नाही, मावशी." सगळा बाजार हासला. मी बी हासले. पाप लागलं मला.

कारण त्या डब्यातून माझ्याच घराची चिठ्ठी निघाली. अन् काढली कोणी? सासूनंच! सरानं तिला डोळे मिटायला लावले होते. घरी येऊन तीच माझ्या अंगावर, "आता काय गं? पोरीच्या बरगड्या दिसायल्यात. दंडाला ती पट्टी गुंडाळतेत, हिरवी आली तर ठीक, लाल आली तर परभणीच्या दवाखान्यात टाकतेत. अन् गाव म्हणंल, मायच खायला घालत न्हाई." मालक गंगाखेडाकडं ऊस तोडायला गेलेले. मी एकलीच, हिच्यापायी मागं ऱ्हायलेली. आरू दूध ओढत न्हवती, पेज बाहेर काढत होती, मी काय करू? गेले सुरेखाकडं. आमच्यात साखर उसनी मागतेत, इरजण उसनं मागतेत, मी लेकरू उसनं मागितलं. सुरेखानं दिलं बी. पण मला काय माहीत, ती बया सगळ्या गल्लीलाच उसनं देऊ लागली!

तर त्या दिवशी, झोळी हालायली, मी दारात आडवी. भ्यालेलं माणूस जास्त बोलतं, मी बी सुटलेच. "सर, तीनशे घरं हायत गावात, माझ्याच घरावर डोळा कामून? गरिबाचं घर म्हणून का? एवढा चिठ्ठीचा इमान दाखवता, मग परत कामून आलाव? दुसऱ्यांदा कोणती चिठ्ठी निघाली, दाखवा!"

सर म्हणाले, "ह्यावेळी चिठ्ठी नाही, ताई." अन् कागद म्होरं धरला. "चार घरं. चार लेकरं. दोन मुलं, दोन मुली. चौघांचं वजन एक, उंची एक, दंड एक. मी चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा माणूस आहे, योगायोग लई बघितले. पण ताई, योगायोगाला पण थोडी लाज असते."

आत आरू रडायली. रडणं बी कसलं, मांजराच्या पिलावानी. सर आत आले न्हाईत. उंबऱ्याच्या भाईरच बसले, म्हणाले, "चेहऱ्याकडं बघायला हवं होतं मी. आकड्याकडंच बघत राहिलो. चूक माझी. आता बाकीच्या सगळ्या घरी परत जायचंय." अन् लाल पेननं त्या चारी ओळींवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. फाडलं न्हाई. मी म्हणाले, फाडा की. तर म्हणे, खोटं बी राहू द्यावं कागदावर, कुठं चुकलं ते कळतं.

मग मी आरूला आणलं. फ्राक न घालता. पट्टी लाल आली.

सरानं काटा काढला, पिशवीत घातला, अन् चप्पल घालून म्हणाले, "एसटी किती वाजता आहे?" ज्या माणसानं नंबराबिगर सरपंचाचा चहा घेतला न्हाई, तो माणूस माझ्या आरूची गोधडी काखेत घेऊन परभणीपर्यंत उभ्यानं आला. दवाखान्यात, संगं आलेल्या सासूला सांगितलं, "मायचा दोष नाही, पोटात जंतू आहेत, डॉक्टर म्हणाले ते ऐका." सासूनं पहिल्यांदा माझ्याकडं बघून मान हालवली. आमी तिथं लय दिवस ऱ्हायलो. आरू खायला लागली.

परत आल्यावर मी सराशी भांडले, खोटं कामून सांगू! गल्लीच्या टोकाला मंगलबाईचं पोरगं हाय, आरूपेक्षा वाळकं. मी म्हणाले, "तिच्या दारावरून रोज जाता, बघत कामून न्हाई?" "ते चिठ्ठीत नाही, ताई." "मग माझी चिठ्ठी निघाली नसती तर? माझ्या सासूचं बोट जरा बाजूला पडलं असतं तर?" सर तसेच वळून मंगलबाईच्या दारात गेले, पट्टी काढली, पोराच्या दंडाला गुंडाळली, बघितली, तिला दवाखान्याचा कागद लिवून दिला. आपल्या वहीत लिवलं न्हाई. पण बघितलं.

पाडव्याच्या आधी खोली सोडून गेले, दुसऱ्या तालुक्यात. जाताना सासूचा डबा घासून परत दिला. पाडव्याला मालक आले, मी दार पुसून घेतलं, पण खडूचा नंबर तेवढा सोडून पुसलं. मालक म्हणाले, "हे काय घाण ठेवली?" मी काय सांगू?

गावातल्या बाया अजून मला बोलतेत, तुझ्यापायी समद्यांची परत तोलाई झाली. बोलू द्या. पण तुमी सांगा, तुमच्या दारात झोळी हालायली असती, आत तुमच्या लेकराच्या बरगड्या मोजता येत असत्या, अन् भिंतीपल्याड एक गुबगुबीत लेकरू उसनं मिळत असतं, तर तुमी झोळीत कोणतं लेकरू बसवलं असतं? खरं सांगा.