पार्षदाच्या जीपमध्ये ताई

बस दुरून दिसली की बाकीचे लोक हात वर करायचे. ताई हात वर करत नसत. पदर कमरेला खोचायचा, पर्स छातीशी धरायची आणि सरळ डांबरी रस्त्यावर उतरून ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघत उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. ड्रायव्हर करकचून ब्रेक मारायचा आणि खिडकीतून डोकं काढायचा.

"मरना है क्या दीदी?"

"मरना नहीं है भैया, ऑफिस जाना है," ताई पायरीवर पाय ठेवत म्हणायच्या. मग पुढचं मराठीत, त्याला कळो न कळो, "आपण उभे आहो न इथं."

हे शेवटचं वाक्य त्या कुठेही वापरत. रेशनच्या दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, नळावर. आवाज चढवून नाही, एखाद्याचं लक्ष नसलं तर आठवण करून द्यावी तसं. तुमच्याही मोहल्ल्यात अशी एखादी बाई असेल. नसली तर शोधा, गरज पडते.

मी लग्न होऊन भंडाऱ्याहून रायपूरजवळच्या बीरगावला आले तेव्हा ताईंची पन्नाशी आली होती. आमच्याच गल्लीत त्यांचं घर. मूळ गोंदियाकडचं कुटुंब. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर त्या रायपुरात बूढ़ापाऱ्यातल्या एका सरकारी ऑफिसात लागल्या, आणि एकुलत्या मुलीला शिकवून नागपूरला दिलं. भेटल्या की "जय भीम" म्हणायच्या आणि लगेच, "डबा घेतला काय?" माझे यजमान जवळच्याच उरला वसाहतीतल्या कारखान्यात. मी शहरात समता कॉलनीतल्या एका क्लिनिकमध्ये नंबर लावायच्या टेबलावर बसायचे. ही नोकरी मला मिळाली ती बसमुळे. बस नसती तर सासूबाईंनी पाठवलंच नसतं.

राज्य नवीन होतं, रायपूर राजधानी झालेलं. रस्ते रुंद होत होते, चौकाचौकांत कारंजी बसत होती, आणि जो तो "अब राजधानी है भाई" असं म्हणून भाव वाढवत होता. त्याच वाऱ्यात आमच्या बाजूला सिटी बस सुरू झाली. हार घातलेली नवीकोरी गाडी आली तेव्हा पोरं तिच्यामागे धावली होती. पुढे तिचे हार सुकले, मग काचा गेल्या, मग दोन गाड्यांची एक झाली आणि एका सोमवारी तीही आली नाही.

आम्ही शेअर ऑटोत बसू लागलो. माणसांत माणूस कोंबलेला, अर्धं अंग बाहेर, शेजारून लोखंड भरलेले ट्रक. कुणाचा हात कुठे आहे ते बघत बसायचं. मी उशिरा पोचू लागले. डॉक्टर भले होते, पण एक दिवस म्हणाले, "असंच चाललं तर दुसरी मुलगी पाहावी लागेल."

ताई जेवणाच्या सुट्टीत ऑफिसं फिरल्या. एका खिडकीवर सांगितलं, बस आमची, पण तो भाग त्यांचा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, भाग आमचा, पण बस त्यांची. तिसऱ्या ठिकाणी साहेब म्हणाले की त्या बाजूला सवारीच नाही, बसमध्ये बसायला माणसंच नाहीत. "मी त्यांच्यापुढं उभी होती," ताई मला सांगत होत्या, "आणि ते म्हणून राहिले सवारी नाही."

गंमत पुढेच आहे. बस गेली आणि बसस्टॉप आला. आमच्या वॉर्डाच्या पार्षदाने, म्हणजे नगरसेवकाने, नाक्यावर स्टीलचे बाक, वर पत्र्याचं छप्पर आणि त्यावर हात जोडलेला स्वतःचा फोटो, असा झकास स्टॉप उभारला. तरुण होता, पहिल्यांदाच निवडून आलेला. ताई रोज सकाळी त्या फोटोखाली जाऊन बसत. मी एकदा म्हटलं, "ताई, गाडीच नाही तर इथं काहून बसता?"

"स्टॉप आहे न. त्याचा तरी मान ठेवला पाहिजे."

घरी माझं जाणं-येणं जड झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, "सोडून दे आता. घर काही उपाशी नाही." मी हे ताईंना सांगितलं आणि त्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या. आधी कधी आत आल्या नव्हत्या. आमच्या सासूबाई त्यांच्याशी बोलायच्या, पण ओट्यावरून. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते उच्चारत नसे.

"तुमची सून घरी बसली तं उद्या मी एकटीच उरतो," ताई म्हणाल्या. "एकट्या बाईले कोण गाडी थांबवते? थोडा टाइम द्या मले."

सासूबाईंनी चहा ठेवला. मांडणीत बाजूला असलेल्या एका स्टीलच्या पेल्यात दिला. ताईंनी तो शांतपणे प्यायला, मोरीत जाऊन स्वतः विसळला आणि होता त्याच जागी पालथा घातला. मी पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. ताई गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जा अजून थोडे दिवस."

दुसऱ्या सकाळी स्टॉपसमोरून पार्षदाची पांढरी जीप निघाली. रोजच निघायची, शहरात त्याचा बांधकामाचा धंदा होता. ताईंनी पदर खोचला आणि रस्त्यावर उतरल्या. जीप थांबली, काच खाली झाली.

"क्या हुआ दीदी? पानी नहीं आया?"

"पानी आया. आपने स्टॉप बहुत अच्छा बनाया भैया, हम रोज बैठते हैं. बस नहीं आती, तो सोचा आज आपके साथ चलें. आप शहर जा ही रहे हैं न?"

तो हसला. निवडणूक जिंकून फार दिवस झाले नव्हते, नाही कसं म्हणणार? मागे बसलेले त्याचे दोन कार्यकर्ते उतरले आणि ऑटो शोधू लागले. आम्ही दोघी आत बसलो. मला तर लाजेने मान वर करवेना. ताईंनी खिडकी उघडून वारा घेतला.

तिसऱ्या दिवशी तो हसला नाही. नंतर लवकर निघायला लागला, तर ताईही लवकर यायला लागल्या. एक दिवस तो मागच्या रस्त्याने निसटला. दुसऱ्या सकाळी ताईंनी काळजीने विचारलं, "कल दिखे नहीं भैया, तबीयत ठीक है न?" तो बिचारा ओशाळला. ताईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्यांना खरंच वाटलं होतं की त्याला ताप आला असेल.

मला वाटायचं, ताई गाडीत बसल्या की बसचा विषय काढतील. त्यांनी कधी काढला नाही. त्याने गुटख्याची पुडी काढली की ती हातातून घेऊन डब्यातला तिळाचा लाडू द्यायच्या. त्याच्या लहान मुलीच्या शाळेची चौकशी करायच्या. वाटेतल्या भनपुरीच्या चौकात ट्रकांमध्ये जीप अडकायची आणि तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहायचा.

"ताई, तुम्ही मागत काहून नाही त्याले?" मी उतरल्यावर विचारलं.

"रोज मागितलं तं रोज हो म्हणल. हो म्हणाची त्यायले सवयच असते. बसू दे आपल्यासंगं. आपला उशीर त्याले कळू दे."

पण गल्लीत वेगळंच शिजत होतं. ताई पार्टीत शिरल्या, ताईंना तिकीट पाहिजे, ताईंनी जीपसाठी समाज सोडला. रविवारी विहारात बायकांच्या बैठकीत एकीने हे तोंडावर म्हटलं. त्या संध्याकाळी ताई माझ्या दाराशी आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"मी विकली गेली म्हणून राहिले लोकं," त्या म्हणाल्या. "नवरा गेला तवापासून कोणाचा रुपया नाही घेतला मी. गाडीत बसली एवढंच."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांना असं पाहण्याची मला सवय नव्हती.  मी म्हटलं, "उद्या ऑटोनं जाऊ आपण." त्या मान हलवून निघून गेल्या.

सकाळी मी स्टॉपवर गेले तर ताई फोटोखाली बसलेल्या. शेजारी ती बैठकीत बोललेली बाई, तोंड फिरवून. ती शहरात एका कापडाच्या दुकानात कामाला होती आणि तिलाही ऑटो मिळत नव्हता. जीप आली. ताईंनी दार उघडलं आणि आधी तिला म्हटलं, "चढ बाई. उशीर होऊन राहिला."

ती क्षणभर थांबली. मग चढली. शहरात फाफाडीहला आम्ही तिघी उतरलो. उतरताना तिने ताईंचा डबा हातात दिला, जो ताई विसरून चालल्या होत्या.

काही दिवसांनी जीपमध्ये पुढच्या सीटवर एक म्हातारी दिसली. पार्षदाची आई. पाय सुजलेले, शहरातल्या दवाखान्यात चालली होती. ती छत्तीसगढी बोलायची. ताईंनी मागून विचारलं, "अम्मा, पहले कैसे जाती थीं?"

"बस म जात रहेंव," म्हातारी म्हणाली. "बस रहिस त बने रहिस. बेटा ल टेम कहाँ मिलथे?"

बस होती तेव्हा बरं होतं, मुलाला वेळ कुठे मिळतो, असं ती तक्रार म्हणून नाही, सहज म्हणाली. पार्षदाने फोन खिशात ठेवला. आईला दवाखान्याच्या दाराशी उतरवून हात धरून पायऱ्या चढवून आला, परत बसला आणि गाडी सुरू न करताच म्हणाला, "दीदी, आपने कभी बोला क्यों नहीं?"

"बोलना क्या है भैया," ताई म्हणाल्या. "आप तो रोज साथ में थे."

त्यानंतर बस लगेच आली नाही. मी तुम्हाला गोष्ट सोपी करून सांगणार नाही. त्याने पालिकेच्या सभेत विषय मांडला, त्याच्याच पार्टीतले लोक हसले. कागद हलले, अडकले, पुन्हा हलले. एक पावसाळा गेला. तोवर जीप आम्हाला नेत राहिली, आणि आता तो आमची वाट बघत स्टॉपवर थांबायचा.

शेवटी एका सकाळी बस आली. मंडप, हार, रिबीन, मोठे नेते. ताईंना कुणी मंचावर बोलावलं नव्हतं. त्या केव्हाच मागच्या दाराने आत जाऊन बसल्या होत्या आणि आम्हालाही बसवलं होतं. नेत्यांचं भाषण सुरू झालं. राजधानी, विकास, येणारी पिढी. ताईंनी घड्याळ पाहिलं, खिडकीतून डोकं काढलं आणि पार्षदाला हळूच म्हणाल्या, "भैया, भाषण चलने दीजिए. बस को जाने दीजिए."

त्याने मंचाकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग खिशातून किल्ली काढली आणि तिच्या दात्यांनी रिबीन फाडली. ड्रायव्हरने गाडी काढली. मागे लाऊडस्पीकरवर येणारी पिढी चालूच होती. या प्रकारासाठी त्याने नंतर बरंच ऐकून घेतलं म्हणे. पुढच्या निवडणुकीला तिकीट त्याला उशिरा मिळालं, पण मिळालं.

बस काही फार उत्तम होती असं नाही. कधी उशीर, कधी पंक्चर. पण ती होती. माझी नोकरी टिकली. सासूबाईंना मोतीबिंदूसाठी शहरात जावं लागलं तेव्हा मला सुट्टी नव्हती, ताई घेऊन गेल्या. संध्याकाळी दोघी परत आल्या तेव्हा एकाच पुडीतून चणे खात गल्लीत शिरल्या. घरात येऊन सासूबाईंनी चहा केला. पेला कोणता होता ते मी मुद्दाम पाहिलं. सगळ्यांच्या कपांसारखाच कप होता.

रिटायर झाल्यावर ताई मुलीकडे नागपूरला गेल्या. जायला तयार नव्हत्या, पण गुडघे दुखू लागले होते आणि मुलीला दुसरं बाळ होणार होतं. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो. पार्षदही आला होता, आईला घेऊन. ताई सगळ्यांना नीट राहा, नीट खा म्हणत होत्या. गाडी हलली तेव्हा त्या डब्यात सामान लावण्यात गुंतल्या होत्या. खिडकीशी आल्या तोवर प्लॅटफॉर्म मागे पडला होता. अधूनमधून फोन येतो. नातवाचे दात, मुलीचा स्वयंपाक, नागपूरचं ऊन.

पार्षदाची आई अजूनही बसने दवाखान्यात जाते. मुलाला आता वेळ असतो, तो नेतो म्हणतो, पण तिला बस आवडते. परवा माझ्या पुढच्याच सीटवर बसली होती. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने कापडी पिशवी ठेवलेली. मागे वळून ताईंबद्दल मला विचारलं, "बाई कब आही?"

मी म्हटलं, दिवाळीत येतील कदाचित. तिने मान डोलावली आणि पिशवी तशीच ठेवली. भनपुरीला गर्दी चढली. पाठीवर बॅग घेतलेली कॉलेजची एक पोट्टी दांड्याला धरून तिच्याजवळ उभी राहिली. म्हातारीने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली, सीटवर हात फिरवून धूळ झटकली आणि म्हणाली, "आ बेटी, बइठ."